मंजूर नकाशावरची दाढ

ओळंबारावांची अक्कलदाढ आडवी आहे ही गोष्ट दवाखान्यातून निघताना तिघांनाच ठाऊक होती. दातांच्या डॉक्टरीणबाईंना, ओळंबारावांना आणि दाढेला. घरच्या जिन्यापाशी पोचेपर्यंत ती तळमजल्यावरच्या आजोबांना कळली, आणि आजोबांना कळली म्हणजे इमारतीला कळली, कारण आजोबांचं दार उघडं असतं आणि तोंड दाराहून उघडं.

ओळंबाराव हे काही त्यांचं जन्माचं नाव नव्हे. भिंत सरळ उभी राहतेय का हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, त्याला ओळंबा म्हणतात. नगररचना कार्यालयाच्या आरेखन शाखेत यांनी मारलेली रेघ आजवर कोणाला खोडावी लागली नव्हती. त्यावरून कोणीतरी ओळंबा म्हणालं, हुद्दा वाढला तसं पुढे राव लागलं, आणि नंतर नंतर बायकोही चिडली की त्याच नावाने हाक मारू लागली. अशा, उभा जन्म नाकासमोर चाललेल्या माणसाच्या तोंडात एक दाढ आडवी होऊन झोपावी, याला काय म्हणायचं. ती नुसती झोपलेली असती तरी चाललं असतं. पण शेजारच्या दाढेच्या कमरेत डोकं खुपसून ती झोपेत लाथा झाडत होती. घास चावावा, तर उजव्या कानापर्यंत वीज जायची.

"काढून टाक," आजोबा म्हणाले.

"काढणारच आहे."

"तशी नाही. सगळे काढून टाक." आजोबांनी अंगठा घालून आपली वरची कवळी काढली आणि पुरावा म्हणून पुढे धरली. "अरे, एक काढलास की शेजारचा शेफारतो. त्याला काढलास की त्याच्या शेजारचा. मी एका हिवाळ्यात सगळ्यांची हकालपट्टी केली. आता हे बघ, माझं डोकं दुखतं, गुडघा दुखतो, सून दुखवते. दात? नाव नाही."

हे सगळं ते कवळी हातात धरून सांगत असल्याने अर्धंच कळलं. पण सून आतून ऐकत होती, तिला सगळं कळलं.

आता तुम्ही म्हणाल, दाढ दुखते, डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली, जायचं, आ करायचा, यायचं. यात गोष्ट ती काय? गोष्ट अशी, की ओळंबाराव नोकरदार होते, आणि नोकरदाराची दाढ त्याच्या एकट्याची नसते. तिला रजा लागते.

आस्थापना शाखेतल्या बाईंनी अर्ज वाचला, चष्मा वर केला आणि तो परत फिरवला. "दाढ काढणे हे किरकोळमध्ये येतं. किरकोळला अर्धा दिवस."

"अहो, साधी नाही ती. हाडात रुतलीये. कापून काढायची आहे."

"मग शस्त्रक्रिया झाली. तिला आठवडा मिळतो." बाईंचा आवाज एकदम मऊ झाला, पण हात अर्जावर आला नाही. "पण हाडात रुतलीये कशावरून?"

"डॉक्टरांची चिठ्ठी आहे की."

"चिठ्ठीत 'खालची अक्कलदाढ काढणे' एवढंच आहे. आत आहे की बाहेर आहे, उभी की आडवी, कोणत्या अंगाला, काही नाही. उद्या तपासणी झाली तर मी काय तुमचं तोंड दाखवू?" त्यांनी क्षणभर विचार केला. "नकाशा जोडा. तुमचंच खातं आहे. स्थान दाखवा, छेद दाखवा, साहेबांची सही घ्या. मी डोळे मिटून मंजूर करते."

दुसऱ्या एखाद्याने कपाळावर हात मारला असता. ओळंबारावांना मात्र, खोटं कशाला सांगा, आतून गुदगुल्या झाल्या. इतकी वर्षं लोकांच्या गटारांचे, गच्च्यांचे आणि जिन्यांचे नकाशे काढले. स्वतःचं असं काही काढायला मिळालंच नव्हतं.

शाखेत काचेचं एक मोठं टेबल होतं, खाली दिवे लावलेलं. त्यावर जुना नकाशा ठेवायचा, वर ट्रेसिंग कागद, आणि गिरवायचं. ओळंबारावांनी पाकिटातून जबड्याचा एक्स-रे काढून काचेवर ठेवला आणि बटण दाबलं. या कानापासून त्या कानापर्यंतचा सबंध जबडा झगझगीत उजळला. कामं टाकून सगळे भोवती जमले.

"काय वस्ती आहे," रबर म्हणाला. रबर म्हणजे शेजारच्या टेबलावरचा आरेखक. तो काढायचा कमी आणि खोडायचा जास्त, म्हणून रबर. "पुढचे प्लॉट अरुंद, पण ओळीत आहेत. मागे मात्र मोठमोठी बांधकामं."

"आणि हे बघा अतिक्रमण," ओळंबाराव अभिमानाने म्हणाले. ओळीच्या टोकाला ती होती. आडवी, सुस्त, एखाद्याने बाकावर ताणून द्यावी तशी. दुसऱ्या टोकाची अक्कलदाढ मात्र शिपायासारखी ताठ उभी होती.

ओळंबारावांनी टोकदार पेन घेतलं आणि गिरवलं. मुळं गिरवली, हाडाची कड गिरवली, हाडातून जाणारी नस तुटक रेघेने दाखवली, कोनमापक लावून दाढेचा कोन लिहिला. आडवी दाढ कागदाच्या डाव्या टोकाला होती. कोणताही आरेखक करील तेच त्यांनी केलं. तिथे सुबक अक्षरात लिहिलं, 'डावी अक्कलदाढ, काढून टाकणे.' उजव्या टोकाला लिहिलं, 'उजवी अक्कलदाढ, कायम.' एक्स-रेच्या कोपऱ्यात कसलंसं एक इंग्रजी अक्षर होतं, पण समासातलं काही गिरवायचं नाही हा शाखेचा नियमच होता.

पेन खाली ठेवलं आणि त्यांचा हात नकळत गालावर गेला. उजव्या.

"ओळंबाराव," रबर हळूच म्हणाला, "तुमची तर ही बाजू दुखते ना?"

ओळंबारावांनी नकाशाकडे पाहिलं. मग जिभेने आतून चाचपलं. नकाशा म्हणत होता डावी. जीभ म्हणत होती उजवी. आता एका बाजूला सबंध नोकरीत न चुकलेला हात, आणि दुसऱ्या बाजूला जीभ, जिला हाडही नाही.

"म्हणजे दुखणं सरकलंय," ते म्हणाले.

हे म्हणायचा अवकाश, शाखेला स्फुरण चढलं. रबरने तर खुर्च्याच मांडून दाखवल्या. "सोपं आहे. बाकावर माणसं दाटीवाटीने बसलीत. या टोकाचा आडदांड आडवा होतो आणि ढकलतो. तो काय ओरडणार? तो मजेत. मधले अंग चोरतात. ओरडतो कोण? त्या टोकाचा, जो पडायच्या बेतात आलाय. तुमची उजवी दाढ बिचारी निरपराध आहे. ढकलतेय डावी."

हे सगळ्यांना इतकं पटलं, की तिघांना आपापल्या जुन्या दुखण्यांची खरी कारणं जागच्या जागी सापडली.

मग नकाशा साहेबांकडे गेला. साहेबांविषयी एकच गोष्ट सांगतो, तेवढ्यावरून ओळखा. त्यांनी सही केलेल्या एका नकाशात चुकून रस्त्याच्या मधोमध विहीर आली होती. लोक म्हणाले, आता काय? साहेबांनी रस्ता वळवला, विहीर खणली, पण नकाशाला हात लावू दिला नाही. अजूनही तिथे वळण आहे आणि अजूनही विहिरीला पाणी नाही. माणूस मनाने लोण्यासारखा, सगळ्यांच्या सुखदुःखाला धावणारा, पण सहीच्या बाबतीत पोलाद.

साहेबांनी नकाशा उजेडात धरला, छेद पाहिला, कोन पाहिला. "सुंदर. नस काय दाखवलीये." आणि झोकात सही ठोकली. "कामाच्या दिवशी मी येतो."

"कुठे, साहेब?"

"दवाखान्यात. मंजूर नकाशाचं काम सुरू होताना अधिकारी जागेवर हजर पाहिजे. नियमच आहे. शिवाय तुम्हाला धीर."

घरी बायकोने नकाशा पाहिला. ती काही आरेखक नव्हती, पण बत्तीशी तिलाही होती.

"अहो, दुखतं उजवीकडे आणि काढणार डावी?"

ओळंबारावांनी बाकाचा सिद्धांत सांगितला. ताटातल्या पावाचे तुकडे रांगेत लावून सांगितला.

"अस्सं. आणि मधले सगळे दात तोंड बंद करून बसलेत? तुमच्या तोंडात? कमाल आहे."

"अगं, शास्त्र आहे ते. रबरनेसुद्धा—"

"रबरने गेल्या वर्षी स्वतःच्या घराला दार आत उघडतं की बाहेर याचा नकाशा काढला आणि तीन महिने खिडकीतून ये-जा केली." तिने पावाचा टोकाचा तुकडा उचलून खाल्ला. "दुखतंय ती काढा. डावीने तुमचं काय घोडं मारलंय? सगळं जेवण तिच्या जिवावर चाललंय सध्या."

हे मात्र खरं होतं. उजवी बाजू संपावर गेल्यापासून डावी दाढ एकटी राबत होती. रात्री आडवं झाल्यावर ओळंबारावांनी तिच्यावरून जीभ फिरवली. गुळगुळीत, भक्कम, एक शब्द न बोलणारी. घरातल्या सर्वांत कष्टाळू माणसाला घराबाहेर काढायच्या कागदावर आपण सही घेऊन बसलोय असं त्यांना वाटलं. पण लगेच वाटलं, नाही काढली तर नकाशा चुकला. नकाशा चुकला तर रजा चुकली, साहेबांची सही चुकली, आणि उद्यापासून शाखेत ओळंबा म्हणून कोण हाक मारील? लोक दुसरं नाव ठेवतील. नावं ठेवण्यात शाखेचा हात कोणी धरला नसता.

ठरल्या सकाळी तिघं दवाखान्यात पोचले. ओळंबाराव, बायको, आणि नकाशाची गुंडाळी काखेत मारून साहेब. जिन्यात आजोबांनी आशीर्वाद म्हणून "सगळे काढ" एवढंच सांगितलं होतं. साहेब बाहेरच्या खोलीत बाकावर बसले. बायको आत, दाराजवळच्या स्टुलावर. ओळंबाराव त्या खुर्चीवर, जी माणसाला आधी राजासारखं बसवते आणि मग डोकं खाली करून कोंबडीसारखं उलटं टांगते.

डॉक्टरीणबाई ठेंगण्याशा, प्रसन्न, आणि मनगटं अशी की पाना फिरवणाऱ्या फिटरने हेवा करावा. त्यांनी सुईकडे हात नेला आणि उजव्या बाजूला वाकल्या.

"एक मिनिट," ओळंबाराव म्हणाले. "डावी."

"काय डावी?"

"काढायची दाढ. डावी आहे. नकाशा मंजूर आहे." त्यांनी खिशातून घडी केलेली प्रत काढून त्यांच्या हातात ठेवली.

बाईंनी नकाशा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग दिव्यावर लावलेला एक्स-रे पाहिला, मग ओळंबारावांना. "किती छान काढलंय हो. माझ्या कॉलेजातल्या तक्त्यांपेक्षा छान. पण उलटं आहे."

"उलटं कसं असेल? गिरवलंय मी."

"गिरवलंय बरोबर. पण एक्स-रे म्हणजे जमिनीचा नकाशा नव्हे. तुम्ही माझ्यासमोर तोंड करून बसलाय असं समजायचं. तुमचा उजवा गाल माझ्या डाव्या हाताला येतो की नाही? तसंच चित्रातही. कोपऱ्यात तेवढ्यासाठी खूण असते, R म्हणजे उजवी." त्यांनी बोट ठेवलं. समासातलं, न गिरवलेलं ते अक्षर कोपऱ्यात निवांत बसलं होतं.

दाराजवळच्या स्टुलावरून कसलाही आवाज आला नाही. ओळंबारावांनी लग्नाच्या इतक्या वर्षांत अनेक आवाज ऐकले होते. या शांततेइतका लागलेला त्यातला एकही नव्हता.

"डॉक्टर," ते म्हणाले, "दोन्ही काढल्या तर?"

"का पण?"

"म्हणजे उजवी दुखते म्हणून, आणि डावी मंजूर आहे म्हणून."

बाई इतक्या हसल्या की त्यांना मुखपट्टी सावरावी लागली. "अहो, ती चांगली सरळ आलेली दाढ आहे. वरच्या दाढेला नीट टेकते, कामाला येते. तिला मी हात लावणार नाही. हवं तर तुमच्या साहेबांना आत बोलवा, मी समजावते."

साहेब. ओळंबारावांच्या डोळ्यांपुढे ते बाहेर बाकावर बसलेले आले. पहिल्यांदाच कोणाच्या तोंडाचा नकाशा मंजूर केल्याच्या समाधानात. त्यांना बोलवायचं, आणि परक्या बाईसमोर सांगायचं, की साहेब, तुमची सही उलटी पडली? त्यापेक्षा दाढ गेलेली बरी, असं एक क्षण त्यांना खरोखर वाटलं. एका दाढेने माणूस मरत नाही. नाव गेलं की परत येत नाही.

"बोला लवकर," बाई म्हणाल्या. "बोट ठेवा. कुठे दुखतं?"

ओळंबारावांनी हात उचलला. तो नकाशापाशी थांबला. मग डाव्या गालाकडे निघाला, अर्ध्या वाटेवर रेंगाळला. आत डावी दाढ गप्प होती. तिने आजवर कधी काही मागितलं नव्हतं, आताही मागितलं नाही. त्या न मागण्यानेच घोळ केला. हात वळला, आणि ओळंबारावांनी आयुष्यात पहिल्यांदा एका मंजूर नकाशाच्या विरुद्ध बोट ठेवलं.

"इथे."

"शहाणे आहात," बाई म्हणाल्या. स्टुलावरून एक लांब श्वास ऐकू आला.

पुढचं काम ओळंबारावांनी आ वासून पाहिलं, म्हणजे आ वासून ऐकलं. सुई टोचली, ओठ परक्याचा झाला. मग तोंडात रस्त्याचं काम निघावं तसा घरघराट सुरू झाला. हिरडी बाजूला केली, हाडाची कड थोडी तासली, आणि आडवी बाई उठेना म्हणून तिचे दोन तुकडे केले. आधी डोकं, मग मुळं. "हं, आता कुरकुर ऐकू येईल, दुखणार नाही," बाई सांगत होत्या, आणि ओळंबाराव मनातल्या मनात छेदाची आकृती दुरुस्त करत होते. मुळाला एक छोटा बाक होता, तो त्यांनी दाखवायला हवा होता. शेवटी एक टाका, दुसरा टाका, कापसाची बोळी, आणि हुकूम. "घट्ट चावून धरा. तासभर तोंड उघडायचं नाही. एक शब्द बोलायचा नाही."

एवढा सुखाचा हुकूम त्यांना आजवर कोणी दिला नव्हता.

पण दार उघडलं आणि सुख संपलं. बाहेर साहेब उभे होते. हातात गुंडाळी उलगडलेली, डोळ्यांवर चष्मा. ओळंबाराव त्यांच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. उजवा गाल एव्हाना पावासारखा फुगला होता. तो झाकायचा म्हटलं तर हात उचलावा लागतो, आणि हात उचलला तर लक्ष जातं. तेव्हा ते तसेच उभे राहिले, ओळंब्यासारखे सरळ, डोळे मिटून, जे व्हायचं ते होऊ दे म्हणून.

साहेबांनी समोरच्या तोंडाकडे पाहिलं. हातातल्या नकाशाकडे पाहिलं. नकाशा किंचित उंच धरून त्यांनी तोंडाशी जुळवला. डाव्या हाताला आडवी दाढ, डाव्या हाताला सूज.

"वा," साहेब म्हणाले. "तंतोतंत."

त्यांनी खिशातून पेन काढलं, नकाशा भिंतीला टेकवला आणि खाली लिहिलं, 'जागेवर पाहणी केली. काम नकाशाप्रमाणे पूर्ण.' आणि सही केली. आधीच्या सहीपेक्षा मोठी.

ओळंबारावांनी डोळे उघडले. बोलायची मनाई होती. बायकोला मात्र नव्हती. तिने तोंड उघडलं. ओळंबारावांनी तिच्याकडे पाहिलं. कापसाची बोळी चावून धरलेला, अर्धा चेहरा बधिर असलेला माणूस जेवढ्या विनवणीने पाहू शकतो तेवढ्या विनवणीने. जिंकलेला वाद, तोही पुराव्यासकट, समोर ताटात वाढून ठेवलेला. असा योग बायकांना जन्मात किती वेळा येतो?

"साहेब," ती म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून निभावलं."

साहेब लाजले. रिक्षा त्यांनीच बोलावली.

आठवडा मस्त गेला. आईस्क्रीम, गार दूध, पडून राहणं आणि कोणाशी न बोलणं. खालून आजोबा रोज विचारायचे, "दुसरे कधी?" बायकोने वादाचा विषय एकदाही काढला नाही. हे जरा भीतीदायक होतं, पण माणसाने मिळेल ती शांतता घ्यावी. टाके निघाले, सूज उतरली, आणि आस्थापनेच्या बाईंनी नकाशा फाइलला लावला तो कायमचा. आता सरकारदरबारी ओळंबारावांची डावी अक्कलदाढ अस्तित्वात नाही. ती काढून टाकल्याची दोनदा सही झाली आहे, आणि वर जागेवर पाहणीही.

रजेनंतरच्या पहिल्या दुपारी शाखेत रबरने खारे शेंगदाणे काढले आणि पुडी पुढे केली. "घ्या. डावीकडून सांभाळून हं, ओळंबाराव. तिकडे आता खड्डा असेल."

"हो ना," ओळंबाराव म्हणाले. त्यांनी मूठभर दाणे तोंडात टाकले, जिभेने सगळे नीट डावीकडे नेले, आणि त्या नसलेल्या दाढेखाली कुडुमकुडुम करत, खिडकीबाहेर बघत, सावकाश चावत बसले.